प्रतिज्ञापत्रातली कावीळ

बारावीनंतर माझी नात वर्षभर घरीच होती. नैराश्याचा आजार. डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या, तरी अंथरुणातून उठून तोंड धुणंसुद्धा तिला जड जायचं. जरा सावरल्यावर कॉलेज तिनं स्वतः निवडलं. मी क्रांती चौकाजवळचं नावाजलेलं कॉलेज सुचवलं होतं. तिनं शहराबाहेरचं एक साधं कॉलेज धरलं. चौकशीला गेलो तेव्हा तिथल्या प्राचार्यबाई तिला म्हणाल्या होत्या, "आजार असेल तर सांग बेटा. कागद दे, हजेरीचं आम्ही बघू." तेवढ्यावर तिचं ठरलं.

तिचे आईवडील नोकरीवर, म्हणून प्रवेशाची धावपळ माझ्याकडं होती. वर्ष रिकामं का गेलं, याचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. वैजापूरच्या तहसिलीत माझी सगळी नोकरी असले मजकूर लिहिण्यातच गेली. कारणाच्या जागी मी कावीळ लिहिलं.

"आबा, मला कुठं कावीळ झाली?"

"लग्नाच्या वेळी लोक कुठून कुठून कागद काढतात. कावीळ बरी होते, बाई."

"आणि हे नाय होत?"

"सही कर. आज शेवटचा दिवस आहे."

तिनं सही केली.

दिवाळीनंतर तिचा आजार उलटला. दीड महिना ती वर्गात गेली नाही. परीक्षेला बसता येणार नाही, असं कळल्यावर ती आपणहून डॉक्टरांचा दाखला घेऊन निघाली. सोबत मी होतो. प्राचार्यबाईंनी तिची फाईल मागवली आणि दोन्ही कागद शेजारी ठेवले.

"याच्यात कावीळ आहे. डॉक्टर म्हणतात, दीड वर्ष नैराश्यावर उपचार चालू आहेत. खरं कोणतं?"

नातीनं माझ्याकडं बघितलं. खोटं प्रतिज्ञापत्र हा गुन्हा, हे त्या खोलीत माझ्याइतकं कोणाला माहीत असणार? मी म्हणालो, "पोरीनं काय लिहून दिलं, मला कल्पना नाही."

सही तिचीच होती. हजेरी माफ झाली नाही, परीक्षा बुडाली आणि तिनं कॉलेज सोडलं.

घरी तिच्या बापानं तिला फैलावर घेतलं, "खोटं लिहायची अवदसा कुठून आठवली?" मी समोर जेवत राहिलो.

मजकूर माझा होता. तिनं मला अडवलं होतं. हे मी परवा मुलाला सांगितलं. तो उठून गेला.

मग मी नातीच्या खोलीत गेलो. म्हणालो, यंदा दुसऱ्या कॉलेजात बघू, मी सोबत येतो.

"या वर्षाचं कारण काय लिहिणार, आबा?" तिनं विचारलं.

अर्जाची मुदत काल संपली. तिनं अर्ज भरला नाही.