देखाव्यातला शेवटचा माणूस

आबांनी मडकं स्वतःच्या हातानं गळ्यात बांधून घेतलं. कारण त्यांना शिवायला तिथं कुणी तयार नव्हतं.

इनामदारांच्या गड्यानं मडकं लांबूनच जमिनीवर ठेवलं होतं. नवंकोरं, लालभडक. तोंडाला काथ्याची दोरी गुंडाळलेली. शेजारी शिंदीचा फडा. फडा कमरेला मागून बांधायचा होता. तो आबांना जमेना. वय झालेलं, हात मागं पोचेनात. दिवाणजी छत्री टेकून उभे होते. ते म्हणाले, "तुझ्या बायकोला बोलाव. ती बांधील. लवकर कर, साहेबलोकांच्या मोटारी आल्या."

आई पुढं झाली. तिनं फडा बांधला. गाठ दोनदा सुटली.

मी गोठ्याच्या भिंतीला टेकून उभी होते. कडेवर माझी तान्ही लेक. मला वाटलं, हा माणूस माझा बाप नव्हे. हे दुसरंच कुणीतरी आहे. आबा मागून येतील, घुंगुरकाठी वाजवत, आणि विचारतील, काय चाललंय हितं?

आबा आले नाहीत. आबा तर तेच होते.

लग्न इनामदारांच्या मुलाचं होतं. भोरच्या अलीकडं नीरेच्या काठी त्यांचा बंगला. मुलगा विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेला. मुलगी पुण्याची, कॉलेजात शिकलेली, तीही बड्या घरची. सकाळी भटाब्राह्मणांनी लग्न लावलं. संध्याकाळी साहेबलोकांना मेजवानी होती. त्या मेजवानीला पुरुषांनी काळा कोटच घालायचा, असा म्हणे विलायतेचा नियम. हिरवळीवर जिकडंतिकडं काळे कोट. पांढरे कडक सदरे. गळ्याशी काळी पट्टी, फुलपाखरू बसावं तशी. नवरदेवही तसाच. बायका मात्र शालू नेसलेल्या, नाकात नथी, अंबाड्यावर सोन्याची फुलं. आणि मेजवानीच्या आधी देखावा. इनामदारांच्या घराण्याचा शंभर-सव्वाशे वर्षांमागचा थाट. आपली मुळं केवढी खोल, हे साहेबाला दाखवायचं होतं.

आमचं गाव वेळवंडीच्या खोऱ्यात. इनामदारांचंच इनाम. गावाची येसकरी आमच्या घरात. दवंडी द्यायची, सांगावे पोचवायचे, मेलेलं ढोर ओढायचं, आणि त्याबद्दल वतनाचा एक तुकडा कसायचा. मी लग्न होऊन खडकीला गेले होते. माझा मालक तिथं कारखान्यात. बाळंतपणाला म्हणून माहेरी आले ती अजून तिथंच होते.

लग्नाआधी दिवाणजींचा निरोप आला. "धोंड्या, धन्याच्या देखाव्यात तुलाबी उभं राह्याचं हाय. जुन्या थाटात तुझीबी जागा हाय."

आबा हरखले. आमच्या आबांना एक वेड होतं. त्यांच्या आज्याचा आजा गडाच्या राखणीला होता, असं ते सांगायचे. गडावरून रात्रीची हाळी पडली की खालच्या मेटावरून, पहाऱ्याच्या चौकीवरून, तो जाब द्यायचा. ही एवढीच आमची इस्टेट. आबा ती जपून वापरायचे. सणावाराला, जवळच्या माणसांना सांगायचे.

त्यांना वाटलं, तेच दाखवायचं असणार. गडाचा राखणदार. मला म्हणाले, "पोरी, माझं धोतर धुऊन दे. आन् मुंडासंबी. सायबापुढं उभं राह्याचं हाय."

मी नदीवर जाऊन धोतर धुतलं. खडकावर आपटून आपटून पांढरं केलं. आबांनी घुंगुरकाठीला तेल लावलं. रस्त्यानं चालताना ते पुढं होते आणि काठी वाजत होती. आई म्हणाली, "नवरदेवच निघालाय जणू." आबा मागं वळून हसले. ते हसणं मला आठवतं. त्यानंतरचं एकही आठवत नाही.

बंगल्यावर पोचलो तर गड्यानं आधी काठी ठेवायला लावली. मग मुंडासं काढायला लावलं. मग धोतर वर खोचायला लावलं, गुडघ्याच्याही वर. "हे पांढरं लई दिसतंय," दिवाणजी म्हणाले, "माती लाव जरा." आबांनी खाली वाकून माती घेतली आणि धोतराला लावली.

मग मडकं आलं.

आबा एकदाच बोलले. "मायबाप, हे आता न्हाई कुटं राह्यलं."

दिवाणजी म्हणाले, "म्हणून तर दाखवायचं. खेळ हाय. खेळात काय जातंय तुझं?"

दिवस कलता देखावा निघाला. पुढं चौघडा. मग घोडे, अब्दागिरी, जरीपटका. मग मावळे. मावळे म्हणून गावच्या पाटलाची नि कुणब्यांची पोरं, हातात भाले. मग पालखी. पालखीत इनामदारांचा धाकटा भाऊ, डोईला जुनी पगडी. टाळ्या पडत होत्या. मग लांबलचक मोकळी जागा. आणि त्या जागेमागून एकटे आबा.

गळ्यात मडकं. थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून. मागं फडा. पावलं पुसली जावीत म्हणून. रस्ता मुरमाचा होता. फडा खरडत होता. खर्र. खर्र. चौघडा पुढं निघून गेला होता, म्हणून तो आवाज सगळ्यांना नीट ऐकू आला.

एका मडमेनं शेजारच्या काळ्या कोटाला काहीतरी विचारलं. त्यानं वाकून समजावून सांगितलं. गळ्याला हात लावून दाखवला, मग कमरेला. मडमेनं तोंडावर रुमाल धरला. मग काही माणसं हसली. वाईट नव्हती ती माणसं. चांगलं जेवण जेवायला आली होती.

तेवढ्यात फोटोवाल्यानं उजेडासाठी ताटलीतली दारू पेटवली. भक्कन उजेड, धूर. आबा दचकले. गोळी घातली असं वाटून त्यांनी दोन्ही हातांनी डोकं झाकलं आणि खालीच बसले. फडा अंगाखाली आला. तेव्हा मोठ्यानं हसू उठलं.

मी तोंड उघडलं होतं. आवाज निघाला नाही. कडेवरची लेक रडायला लागली ती माझ्याऐवजी.

देखावा संपला. आबांना तहान लागली. नवरी दयाळू होती. "त्या म्हाताऱ्याला पाणी द्या," तिनं सांगितलं. गड्यानं वरून धार धरली. आबांनी ओंजळ केली. मडकं मधे येत होतं. ते बाजूला सारायला हात मोकळा नव्हता. पाणी ओंजळीतून मडक्यात पडत राहिलं. आबा मडक्यात पडणाऱ्या पाण्याकडं बघत होते. पाणी प्यायचं राहूनच गेलं.

नवरदेव गोठ्याच्या बाजूला आला. बुटाला चिखल लागू नये म्हणून जपून. मला म्हणाला, "तुझे वडील का? फार छान केलं त्यांनी. अगदी खरं वाटलं."

ते वाक्य मी अंगावर घेऊन घरी आले.

 परतीच्या वाटेला काठी आईच्या हातात होती. घरी आल्यावर आबांनी तोंडात तंबाखू टाकली. थोड्या वेळानं ते थुंकायला अंगणाच्या कडेला गेले. तिथं उभे राहिले. त्यांचा हात छातीशी गेला, काहीतरी चाचपायला लागला. मग त्यांनी आवंढा गिळला आणि परत आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिवाणजींचा माणूस आला. "काल धोंड्या हालला. फोटो बिघडला. उजेडात परत काढायचाय. धन्याचे पाव्हणे थांबल्यात. चल."

आबा उठले. मी म्हणाले, "आबा, जाऊ नगा."

"वतन हाय, बाई. न्हाई म्हणून कसं चालंल?"

मी लेकीला कडेवर घेतलं आणि त्यांच्यामागं निघाले. आईही निघाली. वाटभर मला माझा मालक आठवत होता. तो वरंधा घाट उतरून महाडला गेला होता, तळ्यावर. तिथलं पाणी ओंजळीनं प्याला होता. परत आला तेव्हा मी विचारलं होतं, "कसं लागलं पाणी?" तो म्हणाला होता, "पाण्यासारखंच." तेव्हा मला त्याचं हसू आलं होतं. त्या सकाळी कळलं, तो काय म्हणत होता.

बंगल्यापुढं तीन पायांचा कॅमेरा मांडला होता. फोटोवाला काळ्या कापडात डोकं घालून बसला होता. नवरदेव आणि दोनचार काळे कोट, फोटोसाठी पुन्हा चढवलेले, सकाळच्या उन्हात घामेजलेले. आबांनी मडकं बांधलं. आईनं फडा बांधला. आबा मुरमावर जाऊन उभे राहिले.

मी चालत गेले आणि आबांच्या पुढं उभी राहिले. कॅमेऱ्याकडं तोंड करून.

फोटोवाला कापडातून बाहेर आला. "बाई, बाजूला व्हा."

मी हलले नाही.

दिवाणजी ओरडले, "ए, सरक! कुणाची हाय ही?"

"ह्यांची," मी म्हणाले. "धोंडिबांची लेक."

धोंडिबा. आबांचं नाव इतकं पुरं त्या आवारात कुणी घेतलं नव्हतं.

नवरदेव पुढं आला. रागावला नव्हता. समजुतीच्या सुरात बोलत होता. "अगं, हा इतिहास आहे. यात खोटं काय आहे?"

"खोटं न्हाई. खरं हाय, म्हणूनच न्हाई."

"मग लाज कसली त्यात?"

"लाज तुमची हाय," मी म्हणाले. "मडकं आमच्या गळ्यात का?"

 एका साहेबानं विचारलं, बाई काय म्हणते? त्याला कुणी समजावून सांगितलं नाही. काल सगळं सांगत होते.

मागून आबा पुटपुटत होते, "पोरी, सर. माझी आन हाय तुला. सर."  मला पाय उचलावासा वाटला. बापाची आण होती. पण मी सरले असते तर तो कॅमेरा त्यांना खाऊन टाकणार होता. लेकीला मी छातीशी धरलं आणि पाय रोवले.

मग मागं हालचाल झाली. मी वळून बघितलं. आई फड्याची गाठ सोडत होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं. गाठ सुटेना तेव्हा तिनं दातानं ओढली. फडा खाली पडला. मग तिनं आबांच्या गळ्यातली दोरी वर काढली आणि मडकं मुरमावर ठेवलं. फोडलं नाही. ज्याचं त्याच्यापुढं ठेवलं.

"चला," ती म्हणाली.

आम्ही निघालो. फोटो निघाला नाही. कधीच निघाला नाही. तरी तो मी बघितलाय. डोळे मिटले की तो उजेड भक्कन होतो आणि आबा डोक्यावर हात धरून बसलेले दिसतात. खडकीला पहाटे झाडूवाले रस्ता झाडतात, तेव्हा मी उठून बसते. मालक म्हणतो, "काय झालं?" मी म्हणते, "काय न्हाई. कुणीतरी चाललंय."

गावानं आम्हाला वाळीत टाकल्यागत केलं. बलुतं बंद. दुकानदार मीठ देईना. वाटेवर बाभळीच्या काट्या पडू लागल्या. सुगीच्या आधीच आईआबांना मी खडकीला आणलं. चाळीत नळ होता. आबा नळाजवळ जायचे आणि कुणी ओतून देईल म्हणून ओंजळ धरून उभे राहायचे. मी म्हणायची, "आबा, चावी सोडा. तुमीच सोडा." ते माझ्याकडं बघायचे.

तंबाखू त्यांनी सोडली. थुंकावं लागेल म्हणून. हे आम्हाला उशिरा कळलं. मग त्यांना खोकला जडला. छाती भरून यायची. डॉक्टर म्हणाला, "आत साठवू नका, थुंकत जा." ते मान हलवायचे आणि गिळायचे. माझा मालक भांडं पुढं करायचा. भांडं बघितलं की ते तोंड फिरवायचे. शेवटी शेवटी मी माझा हात पुढं केला. म्हणाले, "आबा, माझ्या हातावर थुंका." ते रडले. पण थुंकले नाहीत.

ते गेले, तेव्हा छातीत ते सगळं तसंच होतं.

दिवस घालून झाल्यावर माझा मामा गावाहून आला. इनामदारांचा निरोप घेऊन. झालं गेलं विसरा. वतन अजून तुमच्याच नावावर आहे. घरातल्या कुणीतरी येऊन येसकरी धरावी, म्हणजे जमीन राहील. नाहीतर दुसऱ्याला देऊ.

मामा म्हणाला, "तुझ्या मालकाला पाठीव. न्हाईतर मी बघतो तुझ्या वतीनं. पिढ्यांची जमीन हाय."

आई भिंतीला टेकून बसली होती. तिनं मान हलवली. नाही म्हणून.

मी मामाला म्हणाले, "त्यांस्नी सांग, आमच्या घरातलं कुणी येणार न्हाई. आज न्हाई, उद्याबी न्हाई. जमीन द्या कुणालाबी. आन् जो घेईल त्याला माझ्याकडं पाठवा. मी त्याला सांगीन, माझा बाप कशानं मेला."

"आगं, पण एकट्याच्या पगारात पोटाला काय खाल?"

मालकाच्या कारखान्यात तेव्हा लढाईच्या दारूगोळ्याच्या कामाला बायका घेत होते.

"कामाला जाते," मी म्हणाले.

लेकीला आईजवळ ठेवलं. दुसऱ्या दिवशी भोंगा वाजला तशी कारखान्याच्या दारात जाऊन उभी राहिले. पहारेकऱ्यानं विचारलं, "कुणाची तू?"

"माझी मी," म्हणाले, आणि आत गेले.