फाटीशेवनची हजेरी

'माजी' हा शब्द आमच्या जिल्ह्यात फार स्वस्त आहे. अविश्वास ठराव आणून वर्षाच्या आत खुर्चीवरून खाली खेचलेला माणूसही जन्मभर गाडीच्या काचेवर 'माजी सरपंच' लिहून हिंडतो, आणि त्याला कोणी विचारत नाही की बाबा रे, मुदत पुरी केलीस का? कॉलेजचा माजी विद्यार्थी व्हायचं तर मात्र मुदत पुरी करावी लागते, हातात पदवी असावी लागते. हे मला मनमाड रोडवरच्या एका हॉटेलात पनीर टिक्का खाता खाता कळलं.

आमच्या बॅचला पंचवीस वर्षं झाली म्हणून स्नेहमेळावा ठरला होता. मी सावेडीतल्या एका शाळेत मराठी शिकवतो. शिक्षकाला भरपूर रिकामा वेळ असतो अशी सगळ्यांची पक्की समजूत असल्यामुळे मला समितीत ओढलं होतं. अध्यक्ष आमच्याच वर्गातला, आता बिल्डर. कार्यक्रमाचं मुख्य आकर्षण असं की वर्ग पुन्हा भरणार आणि आमचे इतिहासाचे सर, आता ऐंशीच्या घरातले, पूर्वीसारखी हजेरी घेणार. कल्पना माझीच होती, त्यामुळे तक्रार करायला मला तोंड नाही.

हजेरीसाठी यादी करायला त्या हॉटेलात बसलो आणि अध्यक्षांनी नियम सांगितला. आमच्या माजी विद्यार्थी संघाच्या घटनेप्रमाणे माजी विद्यार्थी म्हणजे जो या महाविद्यालयातून पदवीधर झाला तो. मधेच सोडून गेलेले, नापास होऊन न परतलेले, लग्न झालं म्हणून थांबलेल्या मुली, यांना पाहुणे म्हणून यायला हरकत नाही, पण यादीत नाव नाही.

"आपले प्रमुख पाहुणे तर पहिल्या वर्षातच पळाले होते," मी म्हणालो. प्रमुख पाहुणे म्हणजे एक माजी नगरसेवक.

"ते पाहुणे आहेत ना! पाहुण्याला पदवी कशाला लागते?"

सगळे हसले. मीही हसलो. अजून मला कळलं नव्हतं की या नियमात माझं कोण अडकणार आहे.

तो माझ्या शेजारच्या नंबरचा होता. कॉलेजात आम्ही माणसं नव्हतोच, नंबर होतो. आडनावांच्या क्रमाने तो फॉर्टी सेव्हन आणि मी फॉर्टी एट, एवढीच आमच्या मैत्रीची सुरुवात. तो पाथर्डीकडचा. आईवडील ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली की सगळं घर कारखान्यावर, उसाच्या पाचटाने शाकारलेल्या कोपीत. त्यांच्या घरातला कॉलेजात आलेला हा पहिलाच. पण तोडीला एक माणूस कमी पडला की निरोप यायचा आणि हा आठ-आठ, पंधरा-पंधरा दिवस गायब व्हायचा. हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसू देणार नाहीत म्हणून मी त्याची प्रॉक्सी लावायचो. हनुवटी कॉलरमध्ये खुपसून जाड्या आवाजात "यस सर", आणि लगेच मान वर करून माझ्या आवाजात "प्रेझेंट सर". दोन नंबर एकापाठोपाठ असल्यामुळे श्वास घ्यायलाही वेळ मिळायचा नाही. सर वर न बघता एकदा म्हणाले होते, "फॉर्टी सेव्हनला सर्दी झालेली दिसते. काढा घ्या म्हणावं." सर्दी त्या वर्षी मार्चपर्यंत टिकली.

तिसऱ्या वर्षी परीक्षेला महिना राहिला असताना तो कारखान्यावरच काविळीने गेला. नंतरचे उरलेले तास सर हजेरी घेताना फॉर्टी सिक्सनंतर थोडं थांबायचे आणि मग माझा नंबर घ्यायचे. त्या थांबण्याची मला इतकी भीती वाटायची की मी पुढे इतिहासाच्या तासाला बसणंच सोडलं.

भेटायला त्यांच्या गावी गेलो तेव्हा काय बोलावं सुचेना, म्हणून त्याच्या आईला मी ही सर्दीची गोष्ट सांगितली. मावशी रडता रडता हसल्या. मग पुन्हा सांगायला लावली. त्यानंतर आजवर मी जेव्हा जेव्हा गेलो तेव्हा चहाच्या आधी ती गोष्ट सांगावी लागली आहे, आवाज काढून.

त्यांचा फोन आला तो यादी झाल्यावर. त्यांची नात, मुलीची मुलगी, यंदा आमच्याच कॉलेजात फर्स्ट इयरला आहे. तिने गेटवरचा मेळाव्याचा फ्लेक्स वाचून आजीला सांगितलं होतं.

"मी बोलतीया रं, फाटीशेवनची आई." हा शब्द त्यांनी त्याच्याकडून शिकला. त्याचा अर्थ सत्तेचाळीस होतो हे त्यांना ठाऊक आहे की नाही, कोण जाणे. मी कधी विचारलं नाही. "तुमचं सर पुन्यांदा हजेरी घेनार हायेत म्हनं. मी येनार हाय. माज्या लेकराचा नंबर पुकारत्याल, त्यो ऐकायचा हाय मला. पंचवीस वर्सं झाली, त्याचं नाव घरातबी कुनी काढत न्हाई."

म्हटलं, आत्ताच सांगून टाकावं. "मावशी, ते म्हणतात पास झाले तेच माजी विद्यार्थी. आपला..."

"बरुबर हाय की त्यांचं," मावशी म्हणाल्या. "त्यो माजी कसा व्हईल? त्यानं कॉलेज सोडलंच न्हाई. त्याचा दाखला अजून तिथंच हाय, आमी कवा मागितलाबी न्हाई. तुमी समदे सोडून गेला. त्यो वर्गातच हाय."

वीस-बावीस वर्षं पोरांना व्याकरण शिकवतोय, पण 'माजी' या शब्दाचा इतका सरळ अर्थ मला सुचला नव्हता. "या मावशी," म्हणालो आणि फोन ठेवला.

समितीपुढे मी हा दाखल्याचा मुद्दा मांडला. एक-दोघांचे डोळे पाणावले, पण डोळे पाणावले म्हणून मत बदलतंच असं नाही. अध्यक्षांचं म्हणणं, एकाला घेतलं की उद्या सगळे नापास रांग लावतील. मी म्हणालो, निदान श्रद्धांजली तरी ठेवा. तर आनंदाच्या प्रसंगी रडारड नको. मी आवाज चढवला. त्यांनी घटना काढून दाखवली. निमंत्रणावर शहराचं नवं नाव आणि आमच्या गुणपत्रिकांवर जुनं, हे कोणत्या घटनेत बसतं असं विचारावंसं वाटलं, पण त्याने काय होणार होतं? राजीनामा देतो म्हणालो, तर "मग सूत्रसंचालन कोण करणार?" एवढीच काळजी सगळ्यांना पडली. मला स्वतःचाच संताप आला. वर्गात चाळीस पोरं गप्प करणारा माणूस मी, आणि इथे माझ्या बोलण्याचं वजन टेबलावरच्या बडीशेपेइतकंही नव्हतं.

शेवटचा उपाय म्हणून सरांकडे गेलो. सरांना आता फारसं ऐकू येत नाही. मी कानाशी ओरडून सगळं सांगितलं. त्यांनी माझा हात दाबला आणि "हो, हो, अवश्य," म्हणाले. काय कळलं आणि काय नाही, ते त्यांनाच माहीत. तेव्हा मी मनाशी ठरवलं की हजेरी संपल्यावर आपणच उभं राहायचं आणि त्याचा नंबर घ्यायचा. व्हायचं ते होवो.

रविवारी मेळाव्याला मावशी सकाळच्या एसटीने आल्या. धुवट हिरवं लुगडं, हातात स्टीलचा डबा. दारातल्या मुलीने त्यांच्या पदराला 'पाहुणे' असा बिल्ला लावला आणि त्यांना शेवटच्या रांगेत, बायकापोरांच्या बाजूला बसवलं. मी लांबून हात केला. त्यांनी डबा उचलून दाखवला.

सरांनी चष्मा लावला आणि यादी हातात घेतली. यादी नवीन होती, पदवीधरांची, आणि नंबरही नव्याने घातलेले. मधली माणसं गळल्यामुळे सगळे वर सरकले होते. मी आता थर्टी नाइन होतो. हे मला आधीपासून माहीत होतं, तरी त्याचा अर्थ माझ्या डोक्यात शिरला नव्हता. सर नंबर पुकारत गेले, टक्कल पडलेली माणसं "यस सर" म्हणून उठत होती, हशा होत होता. माझा नंबर आला, मी उठलो, बसलो.

"फॉर्टी सेव्हन."

"प्रेझेंट सर!" श्रीरामपूरहून आलेला एक जण उठला. बँकेत अधिकारी आहे. आवाज खणखणीत, भरपूर जाड.

मी मागे वळून बघितलं. मावशी खुर्चीच्या पुढच्या टोकाला येऊन बसल्या होत्या आणि त्या माणसाकडे टक लावून पाहत होत्या. मग त्यांनी दोन्ही हात कानशिलांवर नेऊन लांबूनच त्याची दृष्ट काढत बोटं मोडली. मला एका क्षणात कळलं की त्यांना काय वाटलं. त्यांना वाटलं, पोरांनी प्रॉक्सी लावली.

सर पुढे गेले. नव्या यादीत कुठे थांबायची जागाच नव्हती. शेवटी त्यांनी कागद खाली ठेवला आणि सवयीने विचारलं, "कुणाची राहिली का?"

मी उठलो. अर्धा उठलो, खरं तर. मागे पाहिलं तर मावशी मला हाताने खूण करत होत्या. बस, बस. झालं. लागली हजेरी. त्यांचा चेहरा इतका निवलेला होता की मी तसाच अर्धा वाकून राहिलो. खरं बोलून तो चेहरा मोडायचा, की गप्प राहून त्याला दुसऱ्यांदा गाळायचं? मी खाली बसलो. त्या खुर्चीइतकी वाईट जागा मला आयुष्यात मिळालेली नाही.

जेवणाच्या वेळी मावशी सरळ त्या बँकवाल्याकडे गेल्या. मी ताट टाकून मागे धावलो. त्यांनी डबा उघडून शेंगदाण्याचा लाडू त्याच्या हातावर ठेवला.

"लई उपकार झालं बाबा. माज्या लेकराची हजेरी लावलीस."

तो गोंधळला. "नाही हो मावशी, माझीच हजेरी होती ती."

मावशी तोंडाला पदर लावून हसल्या. "आसंच म्हनायचं आसतं. सायबाच्या कानावर जाया नगं." आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवून आणखी एक लाडू दिला. त्याने माझ्याकडे बघितलं. मी नुसती मान हलवली. शहाणा माणूस, त्याने लाडू खाल्ला.

दुपारी त्यांना रिक्षाने स्टँडवर सोडलं. पाथर्डीची गाडी लागली होती. खिडकीजवळची जागा मिळाली तशा त्या खूष झाल्या. मी खाली उभा होतो. गाडी सुरू झाल्यावर त्यांनी गजातून हात बाहेर काढून माझा दंड धरला.

"त्या बाबानं लावली, ग्वाड झालं. पर मला वाटलं हुतं तूच लावशील." दंड सोडता सोडता म्हणाल्या, "पुढच्या बारीला तूच लाव. त्याला तुज्या आवाजाची सवं हाय."

"लावतो, मावशी," मी म्हणालो.