थर्ड रीडिंग आणि आमच्या मोठ्या जाऊबाई

अख्ख्या कॅनडात पार्लमेंटची काळजी आमच्या मोठ्या जाऊबाईंइतकी कुणालाच नाही, खुद्द पार्लमेंटालासुद्धा नसेल, पैजेवर सांगते. इथल्याच केंब्रिजला एकाच घरात राहतो आम्ही, त्या वर, आम्ही बेसमेंटात, आणि सकाळी वरनं आवाज येतो तो ओटावात भांडणाऱ्या खासदारांचा, कारण बाई पिठाच्या डब्याला मोबाईल टेकवून ते ऐकत भाकऱ्या थापतात. फ्रीजवर मोठा कागद, त्यावर रकाने, फर्स्ट रीडिंग, सेकंड रीडिंग, कमिटी, थर्ड रीडिंग, मग सिनेट, मग रॉयल असेंट म्हणजे राजाची मंजुरी, आणि कायद्याचं बिल पुढं गेलं की त्याचं मॅग्नेट पुढच्या रकान्यात. हळदीकुंकवाला बायका चिवड्याचं विचारतात तर या म्हणणार, "कमिटीत अडकलंय गं, साक्षी संपेनात." खासदाराच्या ऑफिसातली मुलगी यांना आवाजावरनं ओळखते!

आणि माझा जळफळाट होतो, खोटं कशाला बोलू. मी नववीतनं शाळा सोडलेली, पण त्या तरी कुठं वकील, गावी बालवाडीत शिकवायच्या. तरी आमचे हे माझ्या हातचं जेवताना मान वर करत नाहीत, आणि वहिनी 'सेकंड रीडिंग' म्हणाल्या की घास हातात तसाच. तीन वर्षांची माझी लेक, तीपण मलाच ऐकवते, "मम्मा, काकू नोज एव्हरीथिंग."

तर झालं काय, ग्रुपवर मेसेज आला, बिल पास झालं, वर्क परमिट आता वाढवून मिळणार नाही, सगळ्यांना परत जावं लागणार. आमचं परमिट तर संपतच आलेलं. हे प्लांटवर, फोन उचलेनात, मी रडतरडत सासूबाईंना लावला, "आम्ही येतोय हो परत." त्यांनी रडणं ऐकलंच नाही, येतोय तेवढंच ऐकलं, आणि तासाभरात लेकीच्या जावळाचा दिवस धरून माझ्या भावाला, मामाच्या मांडीवरच काढायचं म्हणून, आमंत्रणसुद्धा देऊन टाकलं!

जाऊबाईंनी मेसेज वाचला आणि जिन्यातच बसून हसत सुटल्या. "अगं वेडे, फर्स्ट रीडिंग झालंय नुसतं! त्यात कुणी काही वाचतसुद्धा नाही, बिल आणून ठेवतात तेवढंच. तू तर पाळण्यातल्या पोराला नोकरीला लावलंस!" मग सासूबाईंना फोन करून एक तास सगळं पार्लमेंट समजावलं, आणि सासूबाई मला काय म्हणाल्या, "मोठीकडनं जरा शीक."

पण ते बिल थांबेना. सेकंड रीडिंग झालं, कमिटीत गेलं, आणि मी लेकीला कडेवर घेऊन रोज वर, "ताई, सरकलं का हो?" "बस गं, चहा घे. अजून सिनेट आहे," असं म्हणायच्या, आणि त्या म्हणाल्या की मला झोप लागायची, याचाही मला रागच.

मग एक दिवस इलेक्शन लागलं. हे ओरडतच घरी आले, पार्लमेंट बरखास्त, अर्धवट राहिलेली सगळी बिलं मेली! मी चपला न घालता वर धावले, ताईंना मिठीच मारली. त्या हसल्या, पाठीवर हात फिरवला, "सुटलीस बघ," म्हणाल्या, पण हात थंडगार.

"काय झालं हो ताई?"

"काही नाही गं. त्यात एक माझंपण होतं. एकट्या राहिलेल्या आईला लेकीकडं कायमचं आणता येईल, असं. थर्ड रीडिंगपर्यंत आलं होतं."

"मग आता?"

"आता नव्या पार्लमेंटात कुणीतरी ते पुन्हा मांडायचं. पहिल्यापासनं सगळं."

मीच विचारलं मग, आई किती वर्षांच्या आहेत. "ब्याऐंशी," म्हणाल्या. इतकी वर्षं मी या बाईवर जळत आले, त्या दिवशी मात्र कितीही प्रयत्न केला तरी जळता येईना, आणि त्यानं मला जास्तच रडू आलं.