परीक्षेआधीचा सत्कार

आमच्या गावाला हुशार पोरगी मिळाली, हे त्या पोरीचं दुर्दैव. पाचवीतली माझी लेक मोठमोठे गुणाकार तोंडी करायची. हे गावभर झालं तेव्हा एकाही दीडशहाण्याने तिला साधी वही दिली नाही. सगळ्यांनी मिळून फ्लेक्स लावला. त्यावर सरपंचबाईंचे यजमान, यजमानांचे साहेब, साहेबांचे चिरंजीव, आणि खाली कोपऱ्यात पासपोर्ट फोटोएवढी माझी मुलगी. ज्यांना बसची पाटी वाचायला दुसरा माणूस लागतो, ते तिचे 'मार्गदर्शक' झाले.

वाशिमला निवासी शाळेची प्रवेश परीक्षा होती. एकदाच बसता येते, चुकली की चुकली. फाटक अकराला बंद. पोरीने वर्षभर तयारी केली होती. तर यजमानांना सुचलं, निकालानंतर सत्कार कोणीही करतं, आपण आधीच करू! परीक्षेच्या दिवशी सकाळी आठला साहेब येतील, साडेआठला पोरीला घेऊन जीप वाशिमला निघेल.

नऊ वाजले तरी साहेबांचा पत्ता नव्हता. यजमान फोनवर हांजी हांजी करत होते. ते ऐकून लेक माझ्या कानाशी लागली.

"बाबा, साहेब आता कुठं रिसोडातून निंगून राह्यले. इथं येता येता दहा होतीन. मंग हार, भाषणं. आपल्याले पोचायले तासभर लागते. गेट बंद व्हईन. चला न आपून."

"चूप बस वं. एवढे मोठे लोकं तुह्यासाठी येऊन राह्यले!"

तिचं गणित बरोबर आहे, हे मला तेव्हाच कळत होतं. पण डोक्यावर फेटा होता आणि बुडाखाली पहिल्या रांगेतली खुर्ची, दोन्ही जन्मात पहिल्यांदा. मला उठवेना.

साहेब दहाला आले. स्वतःच्या लहानपणीच्या हुशारीवर वीस मिनिटं बोलले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, लाज नावाची गोष्ट नव्हतीच मला.

फाटकाशी पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. मी शिपायाच्या पाया पडलो. त्याने नियम दाखवला. यजमानांना फोन लावला, तो त्यांनी उचलला नाही.

लेक रडली नाही. हातातलं पेन तिने कंपासात ठेवलं, कंपास पिशवीत टाकला आणि माझ्याकडे पाहिलं.

"बाबा, फेटा तं काढा आता."