शेळीचं नाव

पोस्टात पार्सलावर लाख वितळवताना करपट वास सुटला, की मला आमच्या विद्यापीठाचं प्रवास कार्यालय आठवतं. धोक्याच्या देशात संशोधनाला निघालेल्या प्रत्येकाकडून मी एक पाकीट लाखबंद करून घ्यायचो. आत एकच प्रश्न आणि त्याचं उत्तर असायचं, बाहेरच्या कुणाला ठाऊक नसेल असं. उद्या कुणी पळवून नेलं, तर फोनवर तोच माणूस बोलतोय हे कळावं म्हणून. नांदे गावच्या एका मुलीनं लिहिलं होतं, 'आमच्या विहिरीत पडलेल्या शेळीचं नाव काय?' तिकडं पोचल्यावर तिसऱ्याच आठवड्यात तिला पळवून नेलं. तिचे वडील रोज येऊन माझ्या टेबलापुढं बसायचे. पाचव्या दिवशी दुपारी फोन वाजला आणि स्पीकरवर ती रडायला लागली. "साहेब, माज्या पोरीचाच आवाज हाय, द्या हिकडं," म्हणत त्यांनी हात पुढं केला. मी त्यांना थांबवलं, पाकिटाची लाख फोडली आणि नियमाप्रमाणे प्रश्न वाचला. ती रडतच म्हणाली, "बिजली." उत्तर बरोबर होतं. मी नोंदवहीच्या रकान्यात खूण केली, तेवढ्यात फोन कट झाला, तो पुन्हा कधी आलाच नाही. माझं काही चुकलं नाही, असं आजही सगळे सांगतात. तिच्या वडिलांचा हात मात्र त्या दुपारी बराच वेळ तसाच पुढं राहिला होता.