निघालेल्याला ‘कुठे’ विचारू नये

मला देशाच्या मध्यवर्ती बँकेत नोकरी लागली, तेव्हा वडील गावात सगळ्यांना “जिल्हा मध्यवर्तीत लागला” असंच सांगत होते. बुलडाणा जिल्ह्यातल्या आमच्या गावाला तेवढी एकच बँक ठाऊक होती, आणि त्यांच्या आनंदात दुरुस्ती करावी असं मला वाटलं नाही. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. प्रशिक्षणार्थी अधिकारी म्हणून मला जयपूर मिळालं. प्रोबेशन संपेपर्यंत नोकरी पक्की नव्हती, आणि ही गेली असती तर घरी तोंड कसं दाखवायचं हे मला माहीत नव्हतं.

तिलक नगरमध्ये मी एका मराठी कुटुंबात राहायचो. काका विमा कंपनीत, बदलीवर आलेले, काकू साताऱ्याकडच्या. पहिल्याच दिवशी काकू म्हणाल्या, “खानावळ-बिनावळ काही शोधू नकोस. दोन पोळ्या जास्त लाटायला मला काय होतंय?” खालच्या मजल्यावर घरमालक राहत. त्यांना सगळे भाईसाहब म्हणत. आग्रा रोडवरच्या बस्सी गावात त्यांची शेती होती, आणि तिथल्या एका छोट्या सहकारी बँकेचे ते संचालक होते. हे ते येता-जाता ऐकवत.

म्हणूनच एका संध्याकाळी आमच्या साहेबांनी केबिनचं दार लोटून “कल बस्सी” म्हणत त्याच बँकेचं नाव घेतलं, तेव्हा मला आधी भाईसाहब आठवले.

अशा छोट्या बँका आम्ही तपासायचो; तपासणी अचानक व्हायची. आधी सुगावा लागला तर तिला काही अर्थच नाही. साहेब केरळचे, हिंदी जपून बोलणारे. कुठे जातोय ते कुणाला सांगायचं नाही, आणि तिथला चहासुद्धा घ्यायचा नाही, डबा-पाणी आपलं, असा त्यांचा शिरस्ता. मी लगेच सांगून टाकलं, “सर, वहाँ के एक डायरेक्टर मेरे मकानमालिक हैं।”

ते म्हणाले, “दूसरा आदमी नहीं है मेरे पास। आओ। लेकिन बात बाहर गई, तो किससे गई, ये मुझे पूछना नहीं पड़ेगा। तुम्हारी प्रोबेशन की रिपोर्ट मैं ही लिखता हूँ।”

घरी आल्यावर काकूंना एवढंच म्हणालो, “उद्या डबा जरा लवकर लागेल.”

“लांब का?” त्यांनी विचारलं. बाहेर निघणाऱ्याला ‘कुठे’ म्हणून विचारायचं नाही, काम फिसकटतं, ही आमच्याकडची रीत काकूंनी जयपुरातही सोडली नव्हती. त्या दिवशी मला त्या रीतीचे पाय धरावेसे वाटले.

“हो, लांब.”

“मग दशम्या करते. टिकतात.”

सकाळी जिना उतरलो तर खाली भाईसाहब स्कूटर पुसत उभे. “इतनी सुबह? कहाँ चले?”

अजमेर म्हणता आलं असतं. पण ज्यांच्या छपराखाली राहतो त्यांच्याशी खोटं बोलायला जीभ रेटेना, आणि खरं सांगायची तर मनाईच होती. मी डबा या हातातून त्या हातात घेतला.

“अरे, बताओ तो। मैं बस्सी जा रहा हूँ, पुराने शहर की चारदीवारी में एक काम निपटाकर। रास्ते में छोड़ दूँगा।”

वरच्या गॅलरीतून काकूंचा आवाज आला. “भाईसाहब! निकलते आदमी को ‘कहाँ’ पूछते हैं क्या? हो गया, अब बिगड़ा इसका काम! चलो, दोनों ऊपर आओ। चाय पिओ, पाँच मिनट बैठो, फिर निकलो।”

थोडं टेकायचं, काहीतरी तोंडात घालायचं आणि नव्याने निघायचं, हाच त्यावरचा उपाय. तिकडे मोती डुंगरीच्या वळणावर साहेबांची जीप उभी असणार, आणि इकडे मी भाईसाहबांसमोर बशीत चहा ओतून तोंड भाजून घेत होतो. डबा दोघांच्या मध्ये.

“क्या बनाया, भाभीजी?”

“दशमी। सफर का खाना।”

“अच्छा? मतलब दूर का सफर...” त्यांनी डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“फिर पूछा आपने!” काकू कडाडल्या. मी उठलोच.

जीपमध्ये साहेबांनी फक्त घड्याळ पाहिलं. आग्रा रोडभर मी मागे वळून बघत होतो. प्रत्येक स्कूटर मला त्यांचीच वाटत होती.

बस्सीच्या बँकेत मॅनेजर नुकतेच कुलूप उघडत होते. आम्हाला पाहून त्यांच्या हातून किल्ल्यांचा जुडगा पडला, तेव्हा कुठे मी मागे बघणं सोडलं. बातमी पोचली नव्हती.

दुपारी भाईसाहब आत आले. मला पाहून दारातच थांबले. मग त्यांनी शिपायाला चहा आणायला पाठवलं, आणि पहिला पेला माझ्यापुढे धरला.

“नहीं, भाईसाहब।”

“सुबह तो पी थी, बेटा।”

साहेबांचं पेन थांबलं. “सुबह? इनके साथ?”

मी जे काही बोललो असतो ते सारवासारव वाटलं असतं.

“मेरे साथ, जी,” भाईसाहब म्हणाले. “मैंने पूछा भी, कहाँ जा रहे हो। बस्सी तक छोड़ने को तैयार था। इसने मुँह नहीं खोला। उलटे भाभीजी की डाँट खाई मैंने।” मग पेला त्यांनी स्वतःच उचलला आणि प्यायले.

साहेबांनी मान खाली घालून लिहायला सुरुवात केली. जेवायच्या वेळी आपला दहीभाताचा डबा उघडून त्यांनी खुर्ची जरा सरकवली. “बैठो। क्या लाए हो?” मी दशमी पुढे केली. त्यांनी घेतली.

संध्याकाळी घरी पोचलो तर भाईसाहबांचं दार उघडं होतं. मी उंबऱ्याशी घुटमळलो. ते खाटेवरून अर्धवट उठले, “आओ” म्हणाले, आणि पुन्हा बसले.

“नहीं, मत आओ। तुम्हारा काम चल रहा है वहाँ। पहले वो ख़तम होने दो।”

वर काकू ताट वाढून बसल्या होत्या. “झालं का रे काम?”

“अजून चालू आहे,” मी म्हणालो.