भेगेवरची पट्टी
धाकट्या भावाचं लग्न ठरलं, म्हणून बजाजनगरातल्या घरावर आम्ही मजला चढवायला काढला. आम्ही खालीच राहत होतो. स्लॅब टाकला आणि स्वयंपाकघराच्या भिंतीला भेग गेली. मिस्त्रीनं तिच्यावर पेपरची पट्टी आडवी चिकटवली. म्हणाला, "ही फाटली, तर भिंत सरकायली समजा. काम लगेच बंद."

महिनाभर मी रोज चहाआधी पट्टी बघायचो. शाबूत असायची. वर विटा चढत राहिल्या.

एका सकाळी सहज तिच्यावरची बातमी वाचली, तर ती कालची. नखानं पट्टी उचलली. खाली आणखी तीन होत्या, तिन्ही मधोमध फाटलेल्या.

"काम थांबलं असतं ना," मागून आई म्हणाली. तिच्या बोटांना अजून कणकेची खळ होती.